धागा: लेखाशास्त्रातील एम.कॉम.चा लघुशोधप्रबंध: संशोधन पद्धती आणि आराखडा कसा शिकावा?

चिकोडी_वाणिज्य

नमस्कार मंडळी. मी चिकोडी तालुक्यातील आहे आणि एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झाले आणि पुढचे सगळे इंग्रजीतून. संशोधन पद्धती हा विषय आम्हाला आहे, परंतु तो व्याख्यांच्या स्वरूपात येतो: परिकल्पना म्हणजे काय, नमुना निवडीचे प्रकार किती, प्राथमिक आणि दुय्यम सामग्री यांत फरक कोणता. परीक्षेत हे लिहिता येते. प्रत्यक्ष विषय निवडायची वेळ आली तेव्हा मात्र या व्याख्यांचा उपयोग कुठे करायचा हेच कळेनासे झाले आहे. ग्रंथालयातील आधीचे प्रबंध चाळले, तर बहुतेक एकाच साच्याचे दिसले. त्यांत एक कंपनी असते, पाच वर्षांचे ताळेबंद असतात, गुणोत्तरांची कोष्टके असतात आणि शेवटी ‘कंपनीची स्थिती समाधानकारक आहे’ असा निष्कर्ष असतो.

आमच्या भागात साखर कारखाने आणि पतसंस्था भरपूर आहेत, त्यामुळे त्यांच्यावर काम करावे अशी इच्छा आहे. ‘सहकारी साखर कारखान्यांचे आर्थिक विश्लेषण’ असा विषय मनात आहे. आराखडा कसा करावा, सुरुवात कुठून करावी आणि संख्याशास्त्र किती शिकावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निपाणी_अध्यापक

प्रश्न चांगला मांडला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ‘सहकारी साखर कारखान्यांचे आर्थिक विश्लेषण’ हे अभ्यासाचे क्षेत्र झाले, संशोधनाचा प्रश्न झाला नाही. ज्या वाक्याचे उत्तर ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘इतके’ असे येऊ शकत नाही, त्यासाठी आराखडा करता येत नाही, कारण कोणती माहिती जमवायची आणि कोणती सोडायची हे ठरवण्याचा आधारच हाती नसतो. मग विद्यार्थी सापडेल ती सगळी गुणोत्तरे काढत बसतो.

विल्यम किनी या अमेरिकन प्राध्यापकांनी 1986 मध्ये लेखाशास्त्राच्या शोधविद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या लेखात एक सोपी शिस्त सांगितली आहे आणि मी ती प्रत्येक तुकडीला पाळायला लावतो. काम सुरू करण्यापूर्वी तीन परिच्छेद लिहायचे. पहिल्यात प्रश्न काय आहे ते, दुसऱ्यात तो महत्त्वाचा का आहे ते आणि तिसऱ्यात त्याचे उत्तर कसे शोधणार ते. हे परिच्छेद एका पानात बसले पाहिजेत. विद्यार्थी पहिल्या परिच्छेदावरच आठवडाभर अडतात आणि तो आठवडा वाया गेला असे मी कधीच मानत नाही. तिसऱ्या परिच्छेदात आणखी एका गोष्टीचा मी आग्रह धरतो: कोणते आकडे समोर आले तर तुमचा अंदाज चुकला असे तुम्ही मान्य कराल, हे आधी लिहून ठेवा. ते लिहिता येत नसेल तर परिकल्पना अजून तयार झालेली नाही.

व्याख्या पाठ करून हा विषय येत नाही. एखादा चांगला शोधनिबंध घेऊन त्याचा आराखडा उलगडत गेल्यास येतो. रे बॉल आणि फिलिप ब्राउन यांचा 1968 मधील निबंध आजही त्यासाठी उपयोगी आहे. लेखापुस्तकांतून निघणाऱ्या वार्षिक नफ्याच्या आकड्याला गुंतवणूकदारांच्या दृष्टीने काही अर्थ असतो का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. न्यूयॉर्क शेअर बाजारातील 261 कंपन्या घेऊन, नफा अपेक्षेपेक्षा जास्त आला की कमी यावरून त्यांचे दोन गट केले आणि जाहीर होण्याआधीच्या बारा महिन्यांत व त्यानंतर शेअरचे भाव कसे हलले ते पाहिले. नफ्याच्या आकड्यातील बहुतांश माहिती जाहीर होण्यापूर्वीच भावात उतरलेली असते, असे त्यांना आढळले. एका नामांकित नियतकालिकाने हा निबंध नाकारला होता, आणि पुढे तोच या शाखेचा पाया ठरला. वाचताना निष्कर्षापेक्षा ‘अपेक्षित नफा’ त्यांनी कसा मोजला याकडे लक्ष द्या. जी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही ती कशी मोजावी, हाच आराखड्याचा गाभा आहे.

संकेश्वर_लेखापरीक्षण

अध्यापक महोदयांच्या म्हणण्यात मी व्यवसायाच्या बाजूने भर घालतो, कारण साखर कारखान्यांच्या ताळेबंदाशी माझा अनेक वर्षांचा संबंध आहे.

आपल्या भागातील गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि मार्चच्या आसपास आटोपतो. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते. म्हणजे ज्या दिवशी ताळेबंद तयार होतो त्या दिवशी गोदामे भरलेली असतात, साखरेच्या तारणावर उचललेले बँकेचे कर्ज शिखरावर असते आणि शेतकऱ्यांच्या उसाची देणीही उभी असतात. अशा दिवशीचे चालू गुणोत्तर वर्षभराच्या स्थितीबद्दल फार थोडे सांगते. समजा, हंगामाबाहेर चालू मालमत्ता 150 आणि चालू देणी 100 आहेत, तर गुणोत्तर 1.5 येते. हंगामात दोन्ही बाजूंना 300 वाढले की ते 450 भागिले 400, म्हणजे 1.125 होते. कारखान्याचे काही बिघडलेले नसते. दोन्ही बाजूंना सारखी रक्कम वाढली की गुणोत्तर एकाकडे ओढले जाते, एवढेच गणित त्यामागे आहे. मालसाठ्याच्या उलाढालीचेही तसेच आहे. सुरुवातीचा साठा 31 मार्चचा आणि अखेरचाही 31 मार्चचा, त्यामुळे सरासरी साठा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो आणि उलाढाल मंद भासते. पाच वर्षांची अशी गुणोत्तरे काढून ‘तरलता असमाधानकारक’ असा शेरा मारणारे प्रबंध मी पाहिले आहेत, आणि त्यांत हंगामाचा उल्लेखही नसतो.

दुसरी गोष्ट साठ्याच्या मूल्यांकनाची. साखरेचा साठा उत्पादन खर्च किंवा निव्वळ वसुलीयोग्य मूल्य (विक्रीचा खर्च वजा जाता हाती येईल ती रक्कम) यांपैकी जे कमी असेल त्या किमतीला दाखवायचा असतो. मळी हे उपउत्पादन आहे. तिचे वसुलीयोग्य मूल्य साखरेच्या खर्चातून वजा होते, म्हणून मळीचा भाव बदलला की साखरेच्या साठ्याची किंमतही बदलते. त्यातच जून 2018 पासून केंद्राने साखरेचा किमान विक्री दर ठरवून दिला, आधी किलोला 29 रुपये आणि फेब्रुवारी 2019 पासून 31 रुपये. त्यामुळे 2016 आणि 2020 चे साठे एकाच ओळीत मांडताना मधल्या काळात बाजाराचा नियम बदलला आहे, हे कोष्टकाखाली तरी नोंदवावे.

सहकारी आणि खासगी कारखान्यांची तुलना करण्याचा मोह अनेकांना होतो. उगारचा कारखाना किंवा बेळगावात नोंदणीकृत कार्यालय असलेली रेणुका शुगर्स या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आहेत. शेअर बाजारात नोंदलेल्या अशा कंपन्यांना त्यांच्या निव्वळ मूल्यानुसार 2016-17 किंवा 2017-18 पासून नवी भारतीय लेखामानके, म्हणजे इंड एएस, लागू झाली. सहकारी कारखाना त्या चौकटीत नाही. तेव्हा नफ्यातला फरक व्यवस्थापनामुळे आहे की मोजण्याच्या नियमामुळे, हे वेगळे करण्याची सोय आराखड्यातच असावी लागते. एकाच कंपनीच्या दहा वर्षांच्या मालिकेतही नियमबदलाचा हा सांधा मध्येच येतो.

टिळकवाडी_शोधार्थी

मी पीएच.डी.चे काम करीत आहे. संख्याशास्त्र किती शिकावे या प्रश्नापुरते लिहितो.

एक कंपनी आणि पाच वर्षे म्हणजे पाच निरीक्षणे. पाच निरीक्षणांवर सहसंबंध काढला, तर तो पाच टक्के पातळीवर अर्थपूर्ण ठरण्यासाठी, म्हणजे निव्वळ योगायोग नाही असे म्हणता येण्यासाठी, सहसंबंध गुणांक किमान 0.878 असावा लागतो. दहा निरीक्षणांना 0.632 पुरतो. म्हणजे पाच वर्षांच्या सामग्रीत खरा, मध्यम ताकदीचा संबंध असला तरी चाचणी तो दाखवू शकणार नाही आणि ‘संबंध आढळला नाही’ असे चुकीचे लिहिले जाईल. शिवाय सलग वर्षांचे आकडे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. म्हणून एका संस्थेची पंधरा वर्षे घेण्यापेक्षा तीस संस्थांची तीन-चार वर्षे घेणे बहुतेक प्रश्नांसाठी अधिक फलदायी ठरते.

नमुन्याच्या आकाराची सूत्रे सगळेच वापरतात. यामाने यांच्या सूत्राप्रमाणे हजार सभासदांमधून पाच टक्के त्रुटी धरल्यास 286 येतात, तर क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या 1970 च्या तक्त्यात 278 आहेत. ही सूत्रे यादृच्छिक निवड गृहीत धरतात. संस्थेच्या काउंटरवर जे भेटतील त्यांच्याकडून 286 प्रश्नावल्या भरून घेतल्या, तर त्या सूत्राचा आधार सांगण्यात काहीच अर्थ उरत नाही. त्यापेक्षा सभासद नोंदवहीतून चिठ्ठ्या काढून निवडलेले 80 जण मला जास्त विश्वासार्ह वाटतात. क्रोनबाख अल्फा 0.7 च्या वर आला म्हणजे प्रश्नावली बरोबर आहे, हाही एक गैरसमज आहे. प्रश्न एकमेकांशी सुसंगत आहेत एवढेच त्यातून कळते. ते योग्य गोष्ट मोजत आहेत की नाही, हे तो आकडा सांगत नाही.

लेखाशास्त्राचे संशोधक रॉबर्ट लिबी यांची चौकट कागदावर काढून भिंतीवर लावावी, असे मी सुचवेन. वर दोन चौकोनांत कारण आणि परिणाम या संकल्पना लिहायच्या, खाली दोन चौकोनांत त्या मोजण्यासाठी तुम्ही घेतलेली मापे लिहायची, आणि परिणामावर प्रभाव पाडू शकणाऱ्या बाकीच्या गोष्टी बाजूला मांडायच्या. वरून खाली येणारी रेघ किती पक्की आहे हे स्वतःलाच विचारायचे. प्रबंधांमधील बहुतेक कच्चेपणा या उभ्या रेघांवर असतो.

कंपनी दिवाळखोरीत जाण्याचा धोका मोजणारे ऑल्टमन यांचे झेड गुणांकन हे त्याचे ठळक उदाहरण आहे. ते 1968 मध्ये 66 अमेरिकन उत्पादक कंपन्यांवरून तयार झाले. त्यातले एक गुणोत्तर भागभांडवलाचे बाजारमूल्य भागिले देण्यांचे पुस्तकी मूल्य असे आहे. सहकारी कारखान्याच्या शेअरला बाजारभाव नसतो, तो दर्शनी किमतीलाच परत होतो. तरीही त्या जागी दर्शनी मूल्य घालून 1.81 (त्याखाली धोका) आणि 2.99 (त्यावर सुरक्षित) या मूळ सीमा वापरल्या जातात. खासगी कंपन्यांसाठी 1983 मध्ये त्यांनीच पुस्तकी मूल्यावर आधारलेले वेगळे गुणांक आणि 1.23 व 2.90 या वेगळ्या सीमा दिल्या होत्या, आणि त्याही सहकारासाठी नव्हत्या.

चिकोडी_वाणिज्य

सर्वांचे मनापासून आभार. संकेश्वरच्या सरांनी 31 मार्चबद्दल जे लिहिले ते वाचून मी माझ्या मनातील विषय बाजूला ठेवला आहे. कारखान्यांचे महिनावार आकडे मला मिळणे कठीण आहे.

आता पतसंस्थांचा विचार करते आहे. निपाणी आणि कागल एका महामार्गावर, काही अंतरावर आहेत. दोन्हीकडे तीच पिके, तेच बाजार आणि बऱ्याच अंशी तीच माणसे. परंतु निपाणीची संस्था कर्नाटकाच्या कायद्याखाली आणि कागलची महाराष्ट्राच्या कायद्याखाली चालते. कायदा वेगळा असल्यामुळे त्यांच्या हिशेबांत काही फरक पडतो का, असा प्रश्न घेता येईल का?

निपाणी_अध्यापक

घेता येईल, आणि मला तो अतिशय मोलाचा वाटतो. आपल्या सीमाभागाची चर्चा नेहमी दुसऱ्याच कारणांसाठी होते. संशोधनाच्या दृष्टीने मात्र ही जागा फार थोड्या विद्यार्थ्यांना मिळते अशी आहे, कारण इतर बऱ्याच गोष्टी जवळजवळ सारख्या राहून नियमांची चौकट तेवढी बदलते. बेंगळूरु आणि पुण्याच्या संस्थांची तुलना केली तर शेकडो गोष्टी एकदम बदलतात. एका बाजूला चिकोडी, निपाणी, हुक्केरी आणि दुसऱ्या बाजूला कागल, गडहिंग्लज, चंदगड असे तालुके घेतले, तर त्या शेकडोंपैकी पुष्कळ गोष्टी आपोआप बाजूला होतात.

परंतु चौकटी दोन नाहीत, निदान चार आहेत. कर्नाटक सहकारी संस्था अधिनियम 1959, कर्नाटक सौहार्द सहकारी अधिनियम 1997, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960, आणि दोन्ही राज्यांत शाखा असलेल्या संस्थांसाठी केंद्राचा बहुराज्य सहकारी संस्था अधिनियम 2002. हा शेवटचा गट तुमच्यासाठी विशेष उपयोगी आहे, कारण त्यात एकच कायदा सीमेच्या दोन्ही बाजूंना लागू असतो. बहुराज्य संस्थांमध्येही कर्नाटक आणि महाराष्ट्र असा फरक दिसला, तर तो राज्याच्या कायद्यामुळे नाही असा इशारा मिळतो.

‘हिशेबांत फरक’ हे अजून फार सैल आहे. मी सुचवेन की थकीत कर्जाविषयी वार्षिक अहवालात किती माहिती उघड केली जाते, एवढेच घ्या. अहवालातील माहितीची एक तपासणी सूची करायची: एकूण थकबाकी दिली आहे का, कालावधीनुसार तिची विभागणी आहे का, तरतूद किती केली ते आहे का, संचालकांना व त्यांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जे वेगळी दाखवली आहेत का, लेखापरीक्षकाचे शेरे आणि त्यांवरील दोषदुरुस्ती छापली आहे का. प्रत्येक बाबीला ‘आहे’साठी एक आणि ‘नाही’साठी शून्य गुण द्यायचा. यालाच प्रकटीकरण निर्देशांक म्हणतात आणि लेखाशास्त्रात ही रुळलेली पद्धत आहे. कायद्याने जे छापणे बंधनकारक आहे आणि जे स्वेच्छेने छापले जाते, त्यांचे निर्देशांक मात्र वेगवेगळे ठेवावे लागतील. दोन्ही मिसळले तर संस्थेची पारदर्शकता मोजली की कायद्याची यादी मोजली, हे सांगता येणार नाही.

आणखी एक सांगतो. इकडच्या संस्थांचे अहवाल काही कन्नडमध्ये, काही मराठीत, तर काही दोन्ही भाषांत असतात. दोन्ही वाचू शकणारे विद्यार्थी फक्त आपल्याकडे आहेत. महागड्या माहितीकोशांचे सदस्यत्व नाही म्हणून खंत करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, कारण तुमच्या प्रश्नाची सामग्री अशा कोणत्याही कोशात नाही. ती सर्वसाधारण सभेला सभासदांच्या हाती पडणाऱ्या छापील पुस्तिकेत आहे.

संकेश्वर_लेखापरीक्षण

विषय उत्तम आहे. दोन धोके सांगतो.

अहवाल मागितल्यावर जी संस्था लगेच देते ती सहसा सुस्थितीत असते. अडचणीतली संस्था टाळाटाळ करते आणि अवसायनात, म्हणजे बंद करण्याच्या प्रक्रियेत, निघालेल्या संस्थेचा अहवालच निघत नाही. म्हणजे तुमच्या नमुन्यात चांगल्या संस्थाच उरतील आणि दोन्ही राज्यांची सरासरी खऱ्यापेक्षा उजळ दिसेल. हे पूर्णपणे टाळता येत नाही, परंतु किती संस्थांकडे मागणी केली, कितींनी दिले, कितींनी नाकारले आणि नाकारणाऱ्यांचे आकारमान काय, हे तालुकावार कोष्टकात द्या. नाकारण्याचे प्रमाण एका बाजूला जास्त असेल, तर तोही निष्कर्षाचाच भाग आहे.

दुसरे म्हणजे लेखापरीक्षणाचा ‘अ’ किंवा ‘ब’ वर्ग तुलनेसाठी थेट घेऊ नका. वर्ग देण्याचे निकष दोन्ही राज्यांच्या सहकार खात्यांत एकच आहेत असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

महाविद्यालयाचे पत्र घेऊन जा, संस्थेचे नाव प्रबंधात येणार नाही असे लेखी द्या आणि तो शब्द पाळा. आपल्याकडे गावे लहान आहेत. नाव न लिहिता ‘बाजारपेठेतील जुनी व्यापारी संस्था’ असे वर्णन केले तरी लोक ओळखतात.

टिळकवाडी_शोधार्थी

गुण देण्याचे काम एकट्याने करू नका. निदान काही अहवाल दुसऱ्या व्यक्तीने, तुमचे गुण न पाहता, स्वतंत्रपणे तपासावेत आणि दोघांमधील सहमती कोहेन यांच्या कप्पा गुणांकाने मोजावी. नुसती टक्केवारी पुरत नाही, कारण बहुतेक बाबी शून्यच असतील तर योगायोगानेही सहमती मोठी दिसते.

संस्थेचा आकार, वय, ठेवी आणि शाखा या गोष्टींचा प्रकटीकरणाशी संबंध असतोच, त्यामुळे रिग्रेशनमध्ये (प्रत्येक घटकाचा परिणाम वेगळा करून पाहणाऱ्या पद्धतीत) त्या घ्याव्या लागतील. संस्था कमी मिळाल्या तर सीमेच्या दोन्ही बाजूंच्या साधारण सारख्या आकाराच्या जोड्या लावून, जोडीतील फरक तपासणारी विल्कॉक्सन चाचणी करणे पुरेसे आणि समजायला सोपे आहे. ग्रेटल, जामोवी आणि आर ही तिन्ही सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत. जामोवीपासून सुरुवात करा.

आधीचे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधभांडारात मोफत वाचता येतात. वाचताना त्यांची वाक्ये उचलू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडात बसत नाही, त्यापुढे सुधारित प्रत द्यावी लागते आणि साठ टक्क्यांवर नोंदणीच रद्द होते. आणि पहिल्या दिवसापासून निर्णयांची वही ठेवा: कोणती संस्था का वगळली, सूचीतील कोणती बाब का बदलली, आणि तो बदल आकडे पाहण्यापूर्वी केला की नंतर. तोंडी परीक्षेत सगळ्यात अवघड प्रश्न यांवरच येतात.

चिकोडी_वाणिज्य

तीन परिच्छेद लिहून पाहिले आहेत. कृपया तपासावेत.

पहिला: बेळगाव आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेलगतच्या तालुक्यांतील पतसंस्था थकीत कर्जाविषयी स्वेच्छेने जी माहिती उघड करतात, तिच्या प्रमाणात नोंदणीच्या कायद्यानुसार फरक आढळतो का?

दुसरा: या संस्थांतील ठेवीदार बहुतांश शेतकरी, यंत्रमाग कामगार आणि लहान व्यापारी आहेत. संस्थेची स्थिती कळण्याचे त्यांच्याकडील प्रमुख साधन वार्षिक अहवाल हेच आहे. कायद्याच्या चौकटीमुळे त्या अहवालातील माहिती कमी-जास्त होत असेल, तर सीमेच्या एका बाजूचा ठेवीदार दुसऱ्या बाजूच्या ठेवीदारापेक्षा अधिक अंधारात आहे, असा त्याचा अर्थ होतो.

तिसरा: सहा तालुक्यांतील पतसंस्थांच्या नोंदणी यादीतून आकारानुसार गट पाडून यादृच्छिक निवड करीन. तीन वर्षांच्या अहवालांना ठरलेल्या सूचीप्रमाणे गुण देईन. आकार सारखा ठेवूनही कायद्यांनुसार गुणांत फरक न दिसल्यास, किंवा बहुराज्य संस्थांतही तेवढाच फरक दिसल्यास, माझी परिकल्पना टिकली नाही असे लिहीन.

निपाणी_अध्यापक

तिसरा परिच्छेद वाचून फार समाधान वाटले. मार्गदर्शकांना हे पान असेच दाखवा. एवढे दोन मुद्दे घाला. एखाद्या संस्थेचा तीनपैकी एकच वर्षाचा अहवाल मिळाला तर ती ठेवणार की वगळणार, हे आताच ठरवा. आणि सूची पक्की करण्यापूर्वी निवडीबाहेरच्या चार-पाच संस्थांच्या अहवालांवर, काही कन्नड आणि काही मराठी अशा, ती चालवून पाहा. माझ्याकडे निपाणी परिसरातील काही जुने अहवाल आहेत. महाविद्यालयात येऊन ते पाहता येतील.

संकेश्वर_लेखापरीक्षण

बहुतेक संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात आणि अहवाल त्याच्या थोडे आधी छापून येतात. मागणीची पत्रे ऑगस्टमध्येच द्या. दिवाळीनंतर गेल्यास प्रती संपल्याचे उत्तर मिळते.